मराठीचे पहिले वाक्य : एका प्रश्नाची दोन उत्तरे

स्पर्धा परीक्षांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक प्रश्न हमखास आढळतो : मराठीतील आद्य शिलालेख कोणता? जुन्या पुस्तकांत त्याचे उत्तर ‘श्रवणबेळगोळ, शके ९०५’ असे दिलेले असते. नव्या पुस्तकांत बहुधा ‘आक्षी, शके ९३४’ असे असते. विद्यार्थी ज्या वर्षीचे पुस्तक हाती पडेल त्या वर्षीचे उत्तर पाठ करतात आणि गुण मिळवून मोकळे होतात. आक्षी हे अलिबागजवळचे गाव, आजच्या रायगड जिल्ह्यातले. श्रवणबेळगोळ मात्र कर्नाटकाच्या हासन जिल्ह्यात, बेळगावहूनही पुष्कळ दक्षिणेला. त्यामुळे सीमाभागातील मराठी माणसाला या प्रश्नात परीक्षेच्या गुणांपेक्षा अधिक रस असतो.

आमच्या सभांतून हे वाक्य अनेकदा उच्चारले जाते : ‘मराठीचे पहिले वाक्य कर्नाटकात कोरले गेले आहे!’ त्यावर टाळ्या पडतात. मीही हे वाक्य उच्चारले आहे आणि त्या टाळ्या घेतल्या आहेत. परंतु टाळ्या ओसरल्यावर प्रश्न उरतोच की, या वाक्याने नेमके काय सिद्ध होते? ते कोणी कोरविले, कोणासाठी कोरविले, आणि त्यातून आपण जे सुचवू पाहतो ते त्यातून खरोखर निघते काय? ज्या पुराव्यावर आपण बोट ठेवतो तो आधी नीट वाचावा, एवढ्याचसाठी हा लेख.

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरी टेकडीवर गोमटेश्वराची सुमारे ५७ फूट उंचीची अखंड पाषाणमूर्ती आहे. दर बारा वर्षांनी होणाऱ्या महामस्तकाभिषेकामुळे ती देशभर परिचित आहे. अलीकडचा अभिषेक २०१८ साली झाला. ही मूर्ती चावुंडरायाने घडविली. तो गंग राजांचा मंत्री आणि सेनापती होता, आणि मूर्तीचा काळ इसवी सनाच्या दहाव्या शतकाचा शेवट, म्हणजे ९८१ ते ९८३ च्या सुमाराचा मानला जातो. मूर्तीच्या पायांशी दोन्ही बाजूंना छोटे छोटे लेख आहेत. एका बाजूला कन्नड आणि तमिळ लेख, तर दुसऱ्या बाजूला नागरी लिपीत मराठी. मराठीच्या दोन ओळी अशा : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’. पहिलीचा अर्थ, श्रीचावुंडराजाने (हे) करविले; दुसरीचा, श्रीगंगराजाने सुत्तालय करविले. सुत्तालय म्हणजे मूर्तीभोवतीची ओवरी.

आता भाषेकडे पाहू. चावुंडरायाविषयीची कन्नड ओळ ‘श्रीचावुण्डराजं माडिसिदं’ अशी आहे. ‘माडु’ म्हणजे करणे, ‘माडिसु’ म्हणजे करविणे; ‘माडिसिदं’ म्हणजे त्याने करविले. येथे क्रियापद कर्त्याच्या मागे चालते. कर्ता पुरुष, म्हणून क्रियापदही पुल्लिंगी. तमिळ ओळीतही तसेच आहे. मराठी ओळीत मात्र कर्ता तृतीयेत गेला आहे. ‘चावुण्डराजें’ यातील शेवटचा ‘एं’ हा जुन्या मराठीतील तृतीयेचा प्रत्यय; ज्ञानदेवांच्या काळच्या ग्रंथांतून ‘देवें’, ‘रायें’ अशी रूपे वाचणाऱ्यांना तो ओळखीचा आहे. आणि ‘करवियलें’ हे क्रियापद कर्त्याच्या मागे न जाता करविलेल्या वस्तूच्या मागे जाते, म्हणून ते नपुंसकलिंगी. आज आपण ‘राजाने देऊळ बांधविले’ म्हणतो, त्याचीच ही घडण. हजार वर्षांत प्रत्यय बदलले, सांगाडा बदलला नाही.

यावरून एक गोष्ट निश्चितपणे म्हणता येते. ही ओळ लिहिणाऱ्याने कन्नड वाक्याचा शब्दाला शब्द ठेवलेला नाही. त्याने तोच आशय मराठीच्या स्वभावानुसार मांडला आहे. त्याला मराठी येत होती. केवळ लिपी बदलून त्याचे काम भागलेले नाही. दुसऱ्या ओळीत आणखी एक गंमत आहे. ‘सुत्ताले’ या शब्दातील ‘सुत्तु’ हा कन्नड आहे, त्याचा अर्थ भोवताल. त्याला संस्कृत ‘आलय’ जोडून सुत्तालय झाला. म्हणजे मराठीतील अत्यंत जुन्या म्हणून गणल्या जाणाऱ्या दोन ओळींपैकी एकीत कन्नड शब्द सुखाने नांदतो आहे. मराठी व कन्नड यांचा शेजार किती जुना, हे सांगायला याहून लहान आणि याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

आता काळाचा प्रश्न. येथेच पुस्तकांतील उत्तर का बदलले ते कळते. पहिल्या ओळीत चावुंडरायाचे नाव आहे, म्हणून ती मूर्तीइतकीच जुनी, शके ९०५ म्हणजे ९८३ ची, असे मानले गेले. परंतु ओळीत काळाचा उल्लेख नाही. दुसऱ्या ओळीतील गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती. त्याने ओवरी बांधविली ती बाराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, म्हणजे मूर्तीनंतर सुमारे १३० वर्षांनी. दोन्ही ओळींच्या अक्षरांचे वळण मात्र सारखेच आहे. म्हणून अनेक अभ्यासकांनी असे अनुमान काढले की, दोन्ही ओळी एकाच वेळी, गंगराजाच्या काळात कोरल्या गेल्या असाव्यात. मूर्ती कोणी करविली आणि ओवरी कोणी करविली, ही दोन्ही माहिती तेव्हा एकत्र नोंदविली गेली. हे अनुमान मान्य केले तर ‘पहिले वाक्य’ हा मान श्रवणबेळगोळकडून निघून जातो.

तो गेला आक्षीकडे. आक्षीचा लेख शिलाहार राजा केसिदेव याच्या काळातला. त्यात देवीप्रीत्यर्थ केलेल्या दानाची नोंद आहे आणि शके ९३४, म्हणजे १०१२ हे वर्ष वाचले गेले आहे. त्याच्या कालवाचनावरही अभ्यासकांत वाद झाले. त्यापाठोपाठ सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४०, म्हणजे १०१८ चा लेख. सीना आणि भीमा यांच्या संगमावरील देवळातल्या या लेखातील मराठी ओळ अशी : ‘वाछि तो विजेया होइवा’. वाचील तो विजयी होईल. कर्नाटकाची हद्द तेथून हाकेच्या अंतरावर आहे. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. जुन्या मराठी लेखांच्या अभ्यासाचा तो पाया आहे. त्यानंतरही नवे लेख उजेडात येत राहिले आणि उद्या आणखी एखादा सापडला तर परीक्षेतील उत्तर पुन्हा बदलेल. सांगायचे ते एवढेच की, ‘पहिले’ हा शब्द इतिहासात नेहमी तात्पुरता असतो. तात्पुरत्या गोष्टीवर कायमची मागणी उभारू नये.

समजा, काळाचा वाद बाजूला ठेवला आणि श्रवणबेळगोळची ओळच सर्वांत जुनी धरली. तरी तिच्यावरून प्रदेशाचा हक्क सांगता येतो काय? चावुंडराय स्वतः कन्नड ग्रंथकार होता. त्याने ९७८ साली लिहिलेले त्रिषष्टिलक्षणपुराण, जे चावुंडरायपुराण या नावानेही प्रसिद्ध आहे, ते कन्नडमधील उपलब्ध जुन्या गद्यग्रंथांत गणले जाते. त्याचे धनी गंग राजे कन्नड मुलखाचे, गंगराजाचे धनी होयसळही कन्नड मुलखाचे. त्याच हासन जिल्ह्यात हल्मिडी हे गाव आहे. तेथील इसवी सन ४५० च्या सुमाराचा लेख कन्नडमधील अत्यंत प्राचीन लेख म्हणून शाळेत शिकविला जातो. एका जिल्ह्यात कन्नडचा तो मानाचा लेख आणि मराठीचाही मानाचा लेख, हा योगायोग सामान्यज्ञानाच्या पुस्तकात शोभेल. त्याला सातबाराचा उतारा समजणे मात्र चुकीचे.

शिवाय हे हत्यार दुधारी आहे. शिलालेखाची भाषा म्हणजे भूमीची मालकी, असा नियम एकदा आपण मान्य केला की तो आपल्यावरही लागू होतो. सोलापूर आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत चालुक्य, शिलाहार आणि यादव काळातील कन्नड लेख विपुल आहेत. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातील सिद्धराम; त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात होयसळ राजा सोमेश्वर याचा १२३७ सालचा लेख आहे, तो संस्कृत आणि कन्नडमध्ये. ‘कविराजमार्ग’ या नवव्या शतकातील कन्नड ग्रंथात कन्नड प्रदेशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे, आणि तिकडच्या सभांतून ती आमच्या श्रवणबेळगोळइतक्याच उत्साहाने उद्धृत केली जाते. सोलापूर, अक्कलकोट, जत यांवर हक्क सांगणारे याच सामग्रीतून आपले भाते भरतात. आपण दगड उचलला तर समोरच्याकडेही दगडांची वाण नाही. आणि अकराव्या, बाराव्या शतकाचे दगड मोजू लागलो तर त्यांच्याकडे अधिक निघतील.

मग ही ओळ तेथे मराठीत का आहे? हाच प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि याचे उत्तर अनुमानाने का होईना, देता येते. राज्याची भाषा कन्नड, राजाश्रय कन्नडला. मूर्ती करविणाऱ्याचे नाव कन्नडमध्ये कोरले की राज्यकारभाराच्या दृष्टीने काम संपले. तरीही तेच वाक्य तमिळमध्ये, ग्रंथ आणि वट्टेळुत्तु या लिप्यांत कोरले गेले; आणि तेच मराठीत, नागरी लिपीत. श्रवणबेळगोळ हे जैनांचे मोठे तीर्थ. तेथे दक्षिणेकडून तमिळ भाविक येत असणार आणि उत्तरेकडून मराठी बोलणारे. देवाच्या पायांशी उभे राहिलेल्या माणसाला, ही मूर्ती कोणी करविली, हे त्याच्या भाषेत आणि त्याच्या लिपीत कळावे, एवढाच या तीन ओळींचा हेतू दिसतो. दुभाष्याची गरज पडू नये.

त्या काळी मराठी माणूस आपल्या मुलखाबाहेर किती दूरवर दिसत असे, याचा दाखला याहून जुना आहे. उद्योतनसूरी या जैन आचार्याने ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ शके ७०० च्या अखेरीस, म्हणजे ७७९ साली, आजच्या राजस्थानातील जालोर येथे पूर्ण केला. त्यात बाजारातील नाना देशींचे व्यापारी आणि त्यांच्या बोलींच्या लकबी वर्णिल्या आहेत. मराठ्यांच्या तोंडी त्याने ‘दिले’ आणि ‘घेतले’ या अर्थांची दोन क्रियापदे घातली आहेत, आणि दोन्हींत तो ‘ल’ आहे. तोच ‘ल’ पुढे ‘करवियलें’मध्ये येतो आणि आजही आपल्या प्रत्येक भूतकाळी वाक्यात येतो. परक्याच्या कानाला मराठी ओळखू आली ती या ‘ल’मुळे. पण म्हणून जालोर महाराष्ट्राला जोडा, असे कोणी म्हणत नाही. भाषा माणसांबरोबर चालते. व्यापारी, यात्रेकरू, शिपाई, कीर्तनकार जेथे गेले तेथे ती गेली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर ही त्याची पुढची उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत.

भाषेच्या या चालण्याला देवांचीही ना नाही. ज्ञानदेवांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला कानडा म्हटले आहे. पुढे ग. दि. माडगूळकरांनीही पंढरीच्या राजाला कानडाच म्हटले; १९७० च्या ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटातील ते गीत सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी गायिले. फडके कोल्हापूरचे. मराठी माणसाने हे गीत ऐकताना कधी भुवया उंचावल्या नाहीत. विठ्ठल कानडा म्हटल्याने पंढरपूर कर्नाटकात जात नाही, आणि मराठी ओळीने श्रवणबेळगोळ महाराष्ट्रात येत नाही, हे सामान्य वारकऱ्याला न सांगता कळते. आम्हा चळवळीतल्या माणसांनाच ते अधूनमधून सांगावे लागते.

मग आपल्या मागणीचा आधार कोणता? तो शिलालेख नव्हे, हे आधी नीट समजून घ्यावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातील बेळगाव, कारवार हे भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यापूर्वी दहा वर्षे, १९४६ साली, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. ज्या गावात त्या राज्याचा ठराव झाला, ते गावच त्या राज्याबाहेर राहिले. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या साऱ्या प्रवासात महाराष्ट्राने धरलेली तत्त्वे चारच : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यांत एकही तत्त्व हजार वर्षांपूर्वी कोणी काय कोरले यावर अवलंबून नाही. ती सारी जिवंत माणसांविषयी आहेत : आज येथे कोण राहते, काय बोलते, काय इच्छिते. आपली बाजू त्यांच्यावर भक्कम उभी आहे. तिला शिलालेखाची टेकू देण्याने ती बळकट होत नाही, उलट वाद दगडांच्या मोजदादीवर जातो आणि माणसे बाजूला पडतात.

तरीही श्रवणबेळगोळची ओळ आपल्या उपयोगाची नाही असे मी म्हणणार नाही. तिचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. न्यायालयाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोपर्यंत सीमाभागातील मराठी माणसाला रोज जगायचे आहे. त्याला उतारा, नोटीस, अर्जाचा नमुना, बसवरची पाटी, निवडणुकीची यादी आपल्या भाषेत हवी आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने कोणत्याही नागरिकास आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. ३५०-अ ने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी राज्याने कराव्यात असे सांगितले, आणि ३५०-ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद केली. ही दोन्ही कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली, म्हणजे ज्या वर्षी आम्हाला बाजूला टाकले त्याच वर्षी. ज्या भागात एखाद्या भाषिक अल्पसंख्याकाचे प्रमाण १५ टक्के वा अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे धोरणही जुनेच आहे.

या मागणीला नेहमी एक उत्तर मिळते : राज्याची भाषा कन्नड आहे, येथे राहायचे तर कन्नड वाचा. त्या उत्तरापुढे ही ओळ ठेवावी. कन्नडचा अभिमान चावुंडरायाइतका कोणाला असणार? त्याने स्वतः कन्नडमध्ये ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचे वाक्य कन्नड राजवटीत, कन्नड भूमीवर, कन्नड लेखाच्या शेजारी मराठीत कोरले गेले; ते पहिल्या वेळी कोरले असो की गंगराजाच्या काळी. त्यामुळे कन्नडची प्रतिष्ठा उणावली नाही. उलट त्या राज्यकर्त्यांना असे वाटले की, जो येथे येतो त्याला त्याच्या भाषेत सांगावे. मराठी पाटी लावल्याने कन्नडचा अपमान होतो, असे मानणाऱ्यांना कर्नाटकाच्या सर्वांत प्रसिद्ध मूर्तीच्या पायांशी जाऊन उभे राहायला सांगावे. तेथे त्यांचे पूर्वज आणि आमचे पूर्वज एकाच खडकावर लिहिलेले आहेत.

आणि हा न्याय आपल्यालाही लागू करावा. सोलापूर, अक्कलकोट, जत भागात कन्नड बोलणारी माणसे आहेत, त्यांच्या कन्नड शाळा आहेत. त्यांना त्यांच्या भाषेत शिक्षण आणि कागदपत्र मिळावे असे आपण तितक्याच मोठ्या आवाजात म्हटले, तरच बेळगावातील आपले म्हणणे न्यायाचे ठरेल. एरवी ती केवळ ताकदीची गोष्ट होईल, आणि ताकदीच्या गोष्टीत अल्पसंख्याक नेहमी हरतो.

म्हणून सभेत उच्चारायचे वाक्य मी आता बदलले आहे. ‘मराठीचे पहिले वाक्य कर्नाटकात कोरले गेले’ असे मी म्हणत नाही. ते संशोधनाला मान्य राहिलेले नाही, आणि मान्य असते तरी पुरेसे नव्हते. मी म्हणतो, ‘कन्नड राज्यकर्त्यांनी आपल्या सर्वोच्च तीर्थावर मराठी माणसासाठी मराठीत लिहून ठेवले, आज तहसील कचेरीच्या फलकावर तेवढे लिहायला काय हरकत आहे?’ या वाक्याला टाळ्या थोड्या कमी पडतात. पण सभा संपल्यावर लोक थांबतात आणि अर्ज कोणत्या भाषेत द्यावा, कोणत्या कलमाखाली द्यावा, हे विचारतात.

विद्यार्थ्यांसाठी, परीक्षेत प्रश्न आला तर उत्तर ‘आक्षी, शके ९३४’ असे लिहावे; सध्या तेच मान्य आहे. श्रवणबेळगोळला मात्र एकदा जाऊन यावे. मूर्तीकडे मान वर करून सगळेच पाहतात. आपण थोडे वाकून तिच्या पायांशी पाहावे, आणि तेथील ओळी जमतील तितक्या तिन्ही भाषांत वाचाव्यात.